भर दुपारी फिरणारी जीप

गाडीचा जो भाग कोणी कधी वाकून बघत नाही, त्यावर माझं आयुष्य गेलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "गॅरेजात नेमकं काय करता?" मी म्हटलं, "डिफ्रन्शियल." त्यांना ते बँकेच्या परीक्षेसारखं काहीतरी वाटलं असावं. मुलगी दिली. पुढे कधीतरी साकीनाक्याला माझ्या गाळ्यात आले आणि मला गाडीखालून काळ्या तेलाने माखून बाहेर येताना बघितलं. बिचारे चहा अर्धाच प्यायले.

तर हे डिफ्रन्शियल काय असतं, ते आधी सांगतो. शाळेतली कवायत आठवा. मुलांची एक रांग खांद्याला खांदा लावून चालते आहे आणि तिला मैदानाच्या कोपऱ्यावर वळायचं आहे. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागेवरच पाय आपटतो, बाहेरच्या टोकाचा धावत सुटतो. दोघं एकाच वेगाने चालले तर रांग मोडते. गाडीच्या चाकांचंही तेच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. इंजिनची ताकद दोन्ही चाकांना द्यायची, पण दोघांना आपापल्या वेगाने फिरू द्यायचं, हे काम दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यात बसलेले दातेरी गिअर करतात. साध्या गाडीत असा गोळा एक. चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय फोर जीपमध्ये दोन, एक पुढे आणि एक मागे.

हा गोळा बिघडला की गाडी बोलायला लागते. कोणी गुणगुणते, कोणी विव्हळते. बोरिवलीचे एक गृहस्थ एकदा जीप घेऊन आले, पुढे लिंबू-मिरची, बोनेटवर कुंकू, आणि स्वतः गाडीपासून चार हात लांब उभे. म्हणाले, "मिस्त्री, हिच्यात तान्हं मूल रडतं." मी बाजूला बसून फेरी मारली. खरंच रडत होतं! ॲक्सिलरेटर दाबला की सुरू, पाय उचलला की गप्प. दोन गिअरांचे दात एकमेकांवर जिथे टेकायला हवेत तिथे टेकत नव्हते, केसभर सरकले होते. बारीक चकत्या घालून बसवले, आवाज गेला. गृहस्थ मात्र खट्टू झाले. एवढ्या लोकांना सांगून ठेवलं होतं त्यांनी.

अशा गोष्टी मी पुष्कळ पाहिल्या आणि प्रत्येकीच्या मुळाशी लोखंड सापडलं. म्हणून भुताखेताचं कोणी बोललं की मी हसायचो. मुलुंडच्या दळवींच्या जीपनंतर हसणं कमी केलं.

दळवींचा मुलगा अनिकेत माझं जुनं गिऱ्हाईक. दर पावसाळ्यानंतर जीप घेऊन यायचा, चिखलाने लडबडलेली. स्वतः गाडीखाली शिरायचा, "गावडेकाका, हे काय, ते काय" करत डोकं खायचा. गोड पोरगा होता. एका सहलीत धबधब्याच्या डोहात उतरला तो वर आलाच नाही. मित्रांनी जीप घरी आणून लावली. हे मला फार उशिरा कळलं. वर्ष उलटून गेल्यावर त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा.

"गावडे, एकदा येऊन जा," दळवी म्हणाले. "अनिकेतची गाडी उभ्या उभ्या हलते."

"हँडब्रेक सैल असेल."

"तसं नाही हो. आवाज येतो. कोणी दार आपटावं तसा. आणि गाडी पुढे सरकते. सोसायटीवाले म्हणतात, काढा ती इथून. कांदिवलीचा एक मुलगा घ्यायला तयार आहे. पण अशी गाडी द्यायची कशी कोणाला?"

मी गेलो. मुलुंड पूर्वेला जुनी, बसकी इमारत. मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉक घातलेलं आवार, मधोमध पाण्याची टाकी, कडेने भिंत. जीप भिंतीला धरून आंब्याच्या सावलीत उभी होती. संध्याकाळची वेळ, तरी मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद. उकाड्यात मुंबईत कोणी खिडक्या बंद ठेवतं का? वॉचमन पवार माझ्याबरोबर आला, पण टाकीच्या अलीकडेच थांबला.

"काय रे पवार, काय भानगड आहे?"

"साहेब, दुपारची चालू होते."

"काय चालू होते?"

"गाडी. फिरते आपली आपण. टाकीला फेऱ्या घालते. आत कोन नसतंय. मी बघितलंय, वरच्या शहाबाईंनी बघितलंय. तेव्हापासनं त्या खिडकी उघडत नाहीत. मी बी जेवून झालं की चहाच्या टपरीवर जाऊन बसतो."

मी दळवींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "दुपारी मी नसतो," ते म्हणाले. "औषधांच्या दुकानात हिशेब बघायला जातो. चावी कपाटात असते, तिला कोणी हात लावत नाही. मी मात्र तो आवाज ऐकलाय. संध्याकाळी, चहा पिताना."

मी बोनेटवर हात ठेवला आणि माझ्या हाताला चटका नाही, पण ऊब लागली. गाडी सावलीत होती. वर्षभर न चालवलेल्या गाडीचं बोनेट उबदार कसं? खाली वाकलो. पेव्हर ब्लॉकवर टायर घासल्याच्या काळ्या कमानी होत्या, एकावर एक, टाकीभोवती गोल. कोणीतरी, किंवा काहीतरी, इथे रोज फिरत होतं.

जीपच्या पुढच्या आसाखाली जॅक लावला आणि दांडा मारायला लागलो. दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली मात्र, धाडकन आवाज झाला, आणि हवेत लोंबणारी ती चाकं, दोन्ही एकदम, आपोआप गर्रकन फिरली. इंजिन बंद. गाडीत कोणी नाही. पवार पळाला. दळवींनी माझा दंड धरला.

पण इथे मात्र मला हायसं वाटलं, कारण हे मी ओळखत होतो. अशा जीपला गिअरशेजारी एक जास्तीचा दांडा असतो. तो ओढला की पुढची नि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. चिखलात हे चांगलं, कारण चाकं घसरून आपापला हिशेब मिटवतात. पक्क्या जमिनीवर गोल गोल फिरलात तर पुढच्या चाकांना जास्त फिरायचं असतं, मागच्यांना कमी, आणि घसरायला वाव नाही. मग तो फरक गाडीखालच्या लांब दांड्यांमध्ये पिळासारखा भरत जातो. ओला टॉवेल दोघांनी दोन टोकांना धरून पिळावा तसा. गाडी बंद केली तरी पीळ आत राहतो. खालचा एखादा सैल ब्लॉक हलला की तो सुटतो, दार आपटल्यासारखा आवाज होतो, गाडी बोटभर उडी मारते.

मी हे सगळं दळवींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तेच विचारलं जे कोणीही विचारेल.

"म्हणजे कोणीतरी चालवतं."

"चालवल्याशिवाय पीळ भरत नाही."

"कोण?"

मी एक चाक हाताने फिरवून बघितलं. चांगल्या डिफ्रन्शियलमध्ये एक चाक पुढे ढकललं की दुसरं उलटं फिरतं. इथे चाक हललंच नाही. गोळ्यातला छोटा स्टार गिअर तुटून त्याचा तुकडा दातांत अडकला असणार. म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना वेल्डिंग केल्यासारखी. अशा गाडीला फक्त सरळ जायचं असतं. वळवायची म्हटली तर ती माणसाशी कुस्ती खेळते.

खात्री करायला चावी मागवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. फोर व्हीलचा दांडा अगदी हळू चालीच्या खाचेत होता. टाकीपाशी वळवायला गेलो आणि स्टिअरिंग दगडासारखं. दोन्ही हात, खांदा, सगळं लावलं. माझे हात काही लेच्यापेच्याचे नाहीत, जन्मभर पाने फिरवलेत. तरी एका झटक्यात कोपरा निघेना. मागेपुढे करत कशीबशी काढली, तेव्हा बनियन भिजलं होतं.

खाली उतरून म्हटलं, "दळवी, जो कोणी चालवतो तो पैलवान आहे."

वर गॅलरीत दळवींची बायको उभी होती. मी पूर्वी एकदोनदा बघितलं होतं त्यांना, अनिकेतबरोबर. लहानखुऱ्या, काटकुळ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

गिअरचं सामान आणून मी पुन्हा मुलुंडला गेलो ते मुद्दाम दुपारी. जेवणं आटपून सगळं चिडीचूप होतं. माझी आई मालवणची, तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "झिला, भर दुपारी वडाखाली जाव नको, तेव्हा तेंची वेळ असता." लोक रात्रीला घाबरतात, आई दुपारला घाबरायची. त्या दिवशी मला कळलं, का ते. उन्हात सगळं लख्ख दिसत असतं. डोळ्यांची चूक झाली म्हणायची सोयच नसते.

टपरीवर पवार होताच. मी त्याच्याशेजारी चहा घेऊन बसलो. तिथून फाटकातून मागच्या आवाराचा तुकडा दिसतो. कप तोंडाला लावला आणि इंजिन चालू झाल्याचा आवाज आला.

"आली बघा वेळ," पवार म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

जीप सावलीतून बाहेर आली. चालत्या माणसापेक्षाही हळू. समोरच्या काचेवर ऊन होतं, तरी बाजूची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून मला सीटची पाठ स्वच्छ दिसत होती. सीटवर डोकं नव्हतं. खांदे नव्हते. गाडी टाकीच्या कोपऱ्यापाशी आली आणि वळली. जिथे मी घामाघूम झालो होतो, तिथून लोण्यातून सुरी फिरावी तशी, एका झोकात. टाकीमागे गेली, पलीकडून निघाली, पुन्हा वळली. टायर ब्लॉकवर कुरकुरत होते. भिंतीपासून वीतभर अंतर, ना कमी ना जास्त.

खरं सांगतो, मला उठवेना. मनात अनिकेतच आला. त्याच्याच हातात सफाई होती अशी.

शेवटी उठलो ते लाज वाटून. पवारसमोर मिस्त्री घाबरला असं नको. फाटकातून आत गेलो, टाकीला पाठ लावून उभा राहिलो आणि जीप शेजारून जाताना दाराला हात घातला.

आत दळवीवहिनी होत्या. पाठीला टेकल्या नव्हत्या, सीटच्या अगदी पुढच्या काठावर, कमरेमागे उशी घेऊन बसल्या होत्या, पाय पोचावेत म्हणून जवळजवळ आडव्या. डोकं दाराच्या काठाखाली. स्टिअरिंगच्या फटीतून समोर बघत होत्या. मला बघून त्यांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली, आणि पदराने तोंड पुसलं. चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. झोपेतून उठवल्यासारखं होतं.

"वहिनी, तुम्ही?"

"तो शिकवत होता मला," त्या म्हणाल्या. "रविवारी, इथेच. हा दांडा असा या खाचेत टाकून ठेवायचा. म्हणायचा, आई, आता ही पळणारच नाही, घाबरू नकोस. तू नुसतं क्लच सोड."

"आणि चावी?"

"दुसरी चावी त्याच्या बॅगेत होती. कोणाला माहीत नव्हती."

"रोज येता?"

"हे दुकानात गेले की येते. चार फेऱ्या मारते. बोलते त्याच्याशी. वर घरात बोलता येत नाही हो, ह्यांना त्रास होतो." मग एकदम म्हणाल्या, "लोक घाबरतात ते मला माहीत आहे. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की बंद करावं लागेल."

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठा वाकलेला. डबा उघडतानासुद्धा कोणाला तरी बोलवावं लागेल असे हात.

"वहिनी, एक विचारतो. स्टिअरिंग जड नाही लागत?"

"नाही."

"अजिबात?"

मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी कुठे वळवते? मी नुसता हात ठेवते. वळवतो तो."

मी त्यांना म्हटलं, उतरा जरा. स्वतः बसलो, चालू केली, स्टिअरिंग फिरवून बघितलं. दगड. परवासारखाच दगड. उतरलो. त्या चढल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत, दोन बोटं स्टिअरिंगवर टेकवून, जीप टाकीला वळवून आणली.

यावर मी नंतर फार विचार केला. माझ्या लाइनीतल्या जुन्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं, तुकडा मधेच सुटत असेल, मग गाडी हलकी होत असेल. होत असेल. पण मी बसलो की अडकायचा आणि त्या बसल्या की सुटायचा, असा शहाणा तुकडा मी दुसरा बघितला नाही.

त्या वेळी मात्र मला दुसरीच काळजी होती. संध्याकाळी त्या आवारात पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू गाडीखाली जातो, पोरगं पोटावर सरपटत आत शिरतं. अशात पीळ सुटला आणि गाडीने उडी मारली तर?

"वहिनी, ही उघडावी लागेल."

"नका उघडू."

"आतला गिअर तुटलाय. कधीतरी आणखी तुटेल, चाक अडकेल. खाली पोरं असतात."

त्यांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. पोरांचं नाव काढलं नसतं तर त्या तयार झाल्या नसत्या, आणि मी तरी जबरदस्ती कशी केली असती? शेवटी म्हणाल्या, "ह्यांना मी सांगते. तुम्ही सांगू नका."

त्यांनी सांगितलं. दळवी काय म्हणाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी हत्यारं घेऊन गेलो तेव्हा ते दुकानात गेले नव्हते. आवारात खुर्ची टाकून बसले होते, आणि वहिनी पायरीवर.

मी गाडीखालचे दांडे सोडवले, तेल काढलं. तेलात लोखंडाची चंदेरी भुकटी होती, उन्हात चमकत होती. गोळा बाहेर ओढला. जसं म्हटलं होतं तसंच, स्टार गिअरचा दात तुटून मधे पाचरीसारखा बसलेला. चिमट्याने ओढला, निघेना. पोलादी पंच लावून हातोडीने ठोकला तेव्हा निघाला. वहिनींनी हात पुढे केला, मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. नखाएवढा तुकडा. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि मला परत दिला.

नवे गिअर बसवले, दातांना रंग लावून ते कुठे टेकतात ते बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. काम झकास झालं. तेवढं मी अभिमानाने म्हणू शकतो. फोर व्हीलचा दांडा काढून साध्या चालीत टाकला आणि फेरी मारली. स्टिअरिंग एका हाताने फिरत होतं. ना आवाज, ना झटका.

"या, बघा," मी म्हटलं.

वहिनी चढल्या. उशी ठेवली, पुढे सरकून बसल्या. क्लच सोडला. गाडी सरळ निघाली, टाकीपाशी आली, आणि वळलीच नाही. सरळ जात राहिली. "वहिनी!" मी ओरडलो. शेवटच्या क्षणी त्यांनी स्टिअरिंग जोरात ओढलं, गाडीचा कोपरा भिंतीला घासला, गिलावा खरवडला गेला, आणि इंजिन बंद पडलं.

वर्षभर त्या या आवारात फिरल्या होत्या. भिंतीवर त्याआधीचा एक ओरखडा नव्हता. मी नंतर मुद्दाम चालत जाऊन सगळी भिंत बघितली.

आम्ही दोघं धावलो. वहिनी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं?" दळवींनी विचारलं.

"आता मलाच वळवावं लागतंय," त्या म्हणाल्या.

आणि रडायला लागल्या. मोठ्याने, लहान मुलासारख्या. दळवी नंतर मला म्हणाले, ती गेल्या वर्षात एकदाही रडली नव्हती. अगदी त्याला आणलं तेव्हाही नाही. वर एक खिडकी उघडली. शहाबाई खाली बघत होत्या. मग दुसरी उघडली.

मी हत्यारं पुसत राहिलो. माझ्या कामात खोट नव्हती. पोरं आता निर्धास्त खेळणार होती. तरीही मला असं वाटत होतं, की त्या तुकड्याबरोबर मी त्या घरातलं आणखी काहीतरी ठोकून बाहेर काढलं, आणि ते परत बसवायचं माप माझ्याकडे नाही. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

दळवी जीपला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूचं दार वर्षभर न उघडल्यामुळे आखडलं होतं, दोनदा ओढावं लागलं. ते आत जाऊन बायकोशेजारी बसले. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. तरी म्हणाले, "चल. मी सांगतो कुठे वळवायची ते."

कांदिवलीच्या मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. मी निघालो तेव्हा जीप पुन्हा चालू झाली होती. पुढच्या फेरीत ती भिंतीला दोनदा घासली, एकदा टाकीला, आणि वरच्या खिडक्या उघड्याच राहिल्या.